८६४ अणूंचा माणूस

फायनल इयरला मी प्रोजेक्ट घेतला तो पॉलिमरच्या सिम्युलेशनचा. वर्कशॉप नको, केमिकलचा वास नको, नुसतं कॉम्प्युटरसमोर बसायचं, असा माझा साधा हिशोब! रात्री रन लावायचा आणि सकाळी मेसला जायच्या आधी लॅबमध्ये डोकवायचं. चार वेळा डोकावलो, चारही वेळा साखळ्या तुटून मणी सैरावैरा पळालेले. शेवटी जुन्या रिपोर्टमधला एखादा ग्राफ उचलायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात गाईड सरांनी एक नाव दिलं, अनीसुर रहमान, आणि आधी यांच्याबद्दल वाच म्हणून पिटाळलं.

मित्रांनो, हा माणूस आपल्या शेजारचा, हैदराबादचा. जन्म १९२७ चा. केंब्रिजला गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, १९५३ मध्ये बेल्जियममधल्या लूवेनहून डॉक्टरेट घेतली. उस्मानिया विद्यापीठात शिकवलं आणि १९६० मध्ये शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत गेले.

गंमत बघा, प्रयोगशाळेचं नाव आरगॉन आणि त्यांचं गाजलेलं काम द्रवरूप अरगॉन वायूवरचं! त्याआधी आल्डर आणि वेनराइट यांनी गोट्यांसारखे कडक कण कॉम्प्युटरवर एकमेकांवर आपटवले होते. रहमान यांनी खऱ्या अणूंसारखं, लांबून ओढणारं आणि जवळ आलं की ढकलणारं बल घेतलं. साडेतीन नॅनोमीटरच्या डब्यात ८६४ अणू. एका भिंतीतून बाहेर गेलेला अणू समोरच्या भिंतीतून पुन्हा आत. प्रत्येकावरचं बल काढायचं, त्याला किंचित पुढे सरकवायचं, की पुन्हा बल. मशीन होतं सीडीसी ३६००. १९६४ मध्ये पेपर आला.

पण नुसते अणू हलवून ते थांबले नाहीत. द्रवांमधल्या न्यूट्रॉन विकिरणावर त्यांनी आधीच काम केलं होतं, त्यामुळे प्रयोगात काय मोजतात हे पक्कं माहीत होतं. अणू किती वेगाने पसरतात, एकमेकांपासून किती अंतरावर राहतात, हे सगळं प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. पुढे १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्याबरोबर पाण्याचे २१६ रेणू, मग १९८० च्या सुमारास परिनेल्लो यांच्याबरोबर दाबानुसार आकार बदलणारा डबा. १९८५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठात गेले आणि १९८७ मध्ये, साठीही न गाठता, वारले.

पॉलिमरचा संबंध इथे येतो. तेच अणू स्प्रिंगने एकापुढे एक जोडले की झाली साखळी! १९९० मध्ये क्रेमर आणि ग्रेस्ट यांनी अशाच साखळ्यांचा गुंता हलवून दाखवला: लांब साखळी गर्दीतून सापासारखी सरपटत वाट काढते. ग्रेस्ट यांना २००८ मध्ये जे पारितोषिक मिळालं, ते रहमान यांच्याच नावाचं.

हे वाचून लॅबमध्ये परत गेलो. रन लवकर संपावा म्हणून मीच टाइम स्टेप वाढवून ठेवली होती. ती कमी केली, साखळ्या टिकल्या. आखूड साखळ्यांचे आकडे जुळले. लांब साखळ्यांना लागणारा वेळ माझ्याकडे उरला नव्हता, तसं रिपोर्टमध्ये सरळ लिहून टाकलं. एक्स्टर्नलनी त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. पण प्रत्येक ग्राफ माझा होता, त्यामुळे उत्तरं देताना घाम फुटला नाही.