रविवारी न धावलेला धावपटू



घरात कोणी व्रत धरले की ते मोडू नये म्हणून किती जपतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आज अशाच एका नेमाच्या माणसाची ओळख करून घेऊ. ते म्हणजे स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडल.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएन्त्सिन शहरात झाला. आईवडील स्कॉटिश मिशनरी होते. शिक्षणासाठी लहानपणीच थोरल्या भावाबरोबर इंग्लंडमधील शाळेच्या वसतिगृहात राहावे लागले. १९२० साली ते एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकू लागले आणि तेथे त्यांचे नाव झाले. रग्बीत ते स्कॉटलंडतर्फे सात सामने खेळले. १९२३ साली ४४० यार्डांच्या एका शर्यतीत धक्का लागून ते पडले. बाकीचे बरेच पुढे गेले होते. तरी ते उठले, धावले आणि पहिले आले.

१९२४ साली पॅरिसला ऑलिंपिक सामने भरले. लिडल यांची खरी शर्यत १०० मीटरची, पण तिच्या पहिल्या फेऱ्या रविवारी होत्या. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचे नाही, हा त्यांचा नेम. वेळापत्रक काही महिने आधी कळताच त्यांनी शांतपणे नकार दिला. रविवारच्या रिले शर्यतीही सोडल्या. टीका झाली, तरी ते बदलले नाहीत. त्या रविवारी, ६ जुलै रोजी, त्यांनी पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन केले. पुढे २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले. ११ जुलैला ते ४०० मीटर धावले. ही काही त्यांची नेहमीची शर्यत नव्हती, पण ४७.६ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

कीर्ती दारात उभी होती. लिडल मात्र १९२५ साली चीनला परतले आणि तिएन्त्सिनच्या कॉलेजात शिकवू लागले. १९३४ साली कॅनडाच्या फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुली झाल्या. युद्धाचे सावट वाढले तेव्हा, १९४१ साली, त्यांनी गरोदर पत्नीला व मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिचे तोंड पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९४३ साली जपान्यांनी त्यांना इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएनच्या छावणीत कोंडले. तेथे आईवडिलांपासून तुटलेली पुष्कळ मुले होती. लिडल त्यांना विज्ञान शिकवीत, खेळ घेत. रविवारी मात्र खेळ बंद. एका रविवारी कंटाळलेल्या मुलांनी आपणच हॉकी मांडली आणि तिचा शेवट मारामारीत झाला. पुढच्या रविवारी लिडल स्वतः मैदानात पंच म्हणून उभे राहिले.

सुवर्णपदकाची खात्री असती तरी ज्यांनी रविवार मोडला नसता, त्यांनी तो परक्यांच्या लेकरांसाठी मोडला.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे त्या छावणीतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४३. सहा महिन्यांनी छावणी मुक्त झाली. १९८१ साली निघालेल्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटाने त्यांचे नाव पुन्हा जगभर पोहोचवले, पण तो चित्रपट पॅरिसच्या विजयाशीच थांबतो. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगताना आपण तेथे थांबू नये. नेम स्वतःसाठी कडक ठेवावा, पण दुसऱ्याच्या लेकरासाठी मन मऊ असावे, हे लिडल यांनी छावणीच्या त्या मैदानात दाखवून दिले.