लोकमान्यांची गीता-साधना

धर्मग्रंथ रेशमी वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवणे सोपे आहे. त्याचे अध्याय तोंडपाठ करणे थोडे कठीण, पण तेही नेटाने साधते. परंतु त्यातले एखादे वचन आपल्या जेवणात, झोपेत, रागालोभात आणि दुःखाच्या प्रसंगी उतरविणे, हे काम आयुष्यभर पुरणारे असते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांनी हे काम कसे केले, ते या लेखात पाहावयाचे आहे. राजकारणातील त्यांचा पराक्रम आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतोच. त्या पराक्रमाच्या मुळाशी जी साधना होती, तिच्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. संस्कृत व गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती मोठी. बाळ दहा वर्षांचा असताना मातेचे छत्र हरपले. पुढे १८७२ साली गंगाधरपंत शेवटच्या आजाराने अंथरुणास खिळले. त्या दिवसांत भगवद्‌गीतेवरील ‘भाषाविवृति’ नावाची प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळाकडे आले. गीतेशी त्यांचा पहिला परिचय झाला तो असा, पित्याच्या मृत्युशय्येजवळ. त्या कोवळ्या वयात ग्रंथाचा सारा अर्थ उमगला असेल असे नाही. पण गीतेची गोडी लागली आणि एक शंकाही मनात रुजली. युद्धापासून पराङ्मुख झालेल्या अर्जुनाला लढावयास उभे करण्यासाठी जो ग्रंथ सांगितला गेला, तो अखेर संसार सोडून संन्यास घेण्याचा उपदेश कसा करील? या शंकेचा पाठपुरावा त्यांनी पुढे जवळजवळ चाळीस वर्षे केला.

वडिलांच्या मागे टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. बुद्धी तल्लख होती, पण देहाने ते अगदीच किरकोळ होते. दुबळ्या शरीराने मोठे काम होणार नाही हे ओळखून त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्ण व्यायामाला दिले. तालीम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हवणे हाच त्यांचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम. त्यापायी परीक्षेत अपयश आले आणि वर्ष वाया गेले असे लोकांना वाटले. पण त्या वर्षाची कमाई त्यांना जन्मभर पुरली. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण या सर्वांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो असे सांगितले आहे. देहाची हेळसांड करून मनाचा विकास होत नाही, हा त्यातील बोध टिळकांनी ऐन तारुण्यात आचरणात आणला. पुढे ते प्रथम वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

वकिली करून पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला. टिळकांचा स्वभाव तापट नव्हता असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांची लेखणी धारदार होती. जिवलग मित्र गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि त्या वादात उभय पक्षी मने दुखावली. म्हणूनच त्यांच्या संयमाचे मोल अधिक आहे. ज्याच्या अंगी मुळात आवेशच नाही, त्याने संयम तो कसला दाखवावा? भरधाव घोड्याचा लगाम हाती ठेवण्यातच स्वाराचे कसब असते.

या साधनेची खरी कसोटी १९०८ साली लागली. ‘केसरी’तील लेखांबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांनी स्वतःच आपला बचाव केला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सांगण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांना त्रेपन्नावे वर्ष लागणार होते. शरीरात मधुमेह शिरलेला होता. पुढे शिक्षा साध्या कैदेची झाली आणि त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

तेथील लाकडी कोठडीत उन्हाळ्यात जीव भाजून निघे, हिवाळ्यात थंडी झोंबे आणि वाऱ्याबरोबर धूळ आत येई. परके लोक, परकी भाषा आणि घरचे पत्र क्वचित. अशा स्थितीत भलाभला मनुष्य खचून जातो. टिळकांनी मात्र आपल्या दिवसाला नियम घालून घेतला. प्रार्थना, वाचन, चिंतन व लेखन यांची वेळ ठरलेली. आहार पथ्याचा व मोजका. हळूहळू त्यांच्याजवळ चारशेंहून अधिक ग्रंथ जमले. या वयात त्यांनी जर्मन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. लिहिण्यासाठी सुटे कागद मिळत नसत; पृष्ठांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढीच परवानगी होती. त्या शिसपेन्सिलीने १९१०-११ च्या हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च या अवघ्या पाच महिन्यांत, ‘गीतारहस्य’ या प्रचंड ग्रंथाचा खर्डा पुरा झाला. पित्याच्या उशाशी उठलेल्या शंकेचे उत्तर त्यात होते. ज्ञान झाल्यावरही फलाची आसक्ती टाकून लोककल्याणासाठी कर्म करीत राहावे, हाच गीतेचा मुख्य उपदेश आहे, असा निर्णय त्यांनी पंधरा प्रकरणांतून मांडला.

ग्रंथ लिहून झाला, पण लेखकाची परीक्षा संपली नव्हती. १९१२ च्या जून महिन्यात पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. बालपणापासूनची ही सोबत. त्यांच्या शेवटच्या क्षणी पती समुद्रापार कोठडीत होता. ही वार्ता कळल्यावर टिळकांना शोक झाला नाही असे समजू नका. गीता मनुष्याला दगड व्हावयास सांगत नाही. शोक करूनही आपले नियत कर्म न सोडणे हेच तिचे शिकवणे आहे, आणि टिळकांनी उरलेली दोन वर्षे त्याच नेमाने काढली. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. हस्तलिखित सरकारकडून परत येण्यास काही काळ लागला. ते न मिळाले तरी सारा ग्रंथ डोक्यात असल्याने पुन्हा लिहून काढू, असा त्यांचा निश्चय होता असे सांगतात. फलाची आसक्ती सोडणे म्हणजे काय, याचा अर्थ येथे कळतो. वह्या परत आल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आपल्या बेळगावाला तर या कर्मयोग्याचा सहवास लाभला आहे. २८ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती येथेच. येथील व अहमदनगर येथील भाषणांबद्दल सरकारने त्यांच्यावर पुन्हा कारवाई आरंभिली. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्यात त्यांचा साठावा वाढदिवस साजरा होऊन जनतेने एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली. नेमक्या त्याच सुमारास हजारो रुपयांचा जामीन का घेऊ नये, अशी सरकारी नोटीस हाती पडली. एका हाती सन्मान आणि दुसऱ्या हाती संकट! टिळकांनी थैली राष्ट्रकार्याला देऊन टाकली आणि नोटिशीला न्यायालयात उत्तर दिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सुखदुःखी समबुद्धी ठेवणे म्हणतात ते हेच. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या वर्षापर्यंत त्यांचे कार्य चालूच होते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी कोणाला मंडालेस जावे लागणार नाही. पण परीक्षेत अपयश येईल, जिवलग मित्राशी बिनसेल, घरात दुःखाचा प्रसंग ओढवेल. वेळेवर उठणे, मोजके खाणे, शरीर कमावणे, राग आला असता जीभ आवरणे आणि निकालाची चिंता बाजूस ठेवून आजचा पाठ आज पुरा करणे, एवढे ज्याने विद्यार्थिदशेत अंगवळणी पाडले, त्याची गीता देव्हाऱ्यातून बाहेर येऊन त्याच्याबरोबर चालू लागली असे खुशाल समजावे. मोठ्या प्रसंगी जे धैर्य लागते, त्याची साठवण अशा लहान लहान नेमांतूनच होत असते.