फिरंगोजींचे ५६ दिवस आणि मातीतला दारूगोळा

चाकण म्हटले की आज मोटारींचे कारखाने, कांद्याचा बाजार आणि वाहनांच्या रांगा आठवतात. याच गावात संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. त्याचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० च्या पावसाळ्यात मोगलांना ५६ दिवस झुंजवले.

फिरंगोजी आधी आदिलशाहीच्या वतीने चाकण सांभाळत. पुढे ते शिवाजी महाराजांना येऊन मिळाले आणि महाराजांनी किल्ला त्यांच्याकडेच ठेवला. १६६० मध्ये शाहिस्तेखान पुण्यात उतरला. महाराज तेव्हा पन्हाळ्याला सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जूनमध्ये खानाने चाकणला वेढा घातला. मदत येण्याची आशा नव्हती आणि गडावर माणसे मोजकीच होती. डोंगराचा आडोसा नाही, आधार फक्त तट, बुरूज आणि खंदकाचा.

पावसाने मात्र फिरंगोजींना साथ दिली. तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. सोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असतील तर तो हवेतली ओल शोषतो आणि दारू नीट पेटत नाही. अखेर मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग भरला. बंदिस्त जागेत दारू पेटली की क्षणार्धात तयार होणाऱ्या तप्त वायूंना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते वरचा भार उचलून फेकतात. १४ ऑगस्टला बुरूज असाच उडाला. तरीही मावळ्यांनी मातीच्या बांधाआडून त्या रात्रीपर्यंत खिंड लढवली. दुसऱ्या दिवशी किल्ला खाली झाला. खानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली आणि ते महाराजांकडे परतले. पुढे त्यांच्याकडे भूपाळगडाची किल्लेदारी आली.

अशा लढायांचा दारूगोळा मातीत राहतो. पाया खणताना किंवा नांगरताना तो कुठेही वर येऊ शकतो. धातुशोधक यंत्राच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निघते. जमिनीतल्या धातूत त्यामुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह फिरतात आणि यंत्र तेच टिपते. पण दख्खनच्या काळ्या खडकात व मातीतही चुंबकीय खनिजे असल्याने यंत्र फसू शकते. आणि त्या काळी वापरात असलेले दगडी गोळे तर त्याला दिसतच नाहीत.

गोळ्याची ओळख पटते ती आकार आणि वजनाच्या मेळावरून. १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव ओतीव लोखंडी गोळा सुमारे पावणेचार किलो भरतो. तेवढाच काळ्या दगडाचा गोळा जेमतेम दीड किलोचा असतो. लोखंडी गोळा आकाराच्या मानाने हलका असेल, किंवा त्याला वातीचे भोक असेल, तर तो पोकळ असण्याची शक्यता असते. आत दारू शिल्लक असेल तर ती वाळल्यावर ठिणगीने पेटू शकते. म्हणून सापडलेला गोळा घासणे, छिद्र पाडणे किंवा भंगारात तोडणे जिवावर बेतू शकते. बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांवर पांढुरका थर चढतो. तो खरवडला की शिशाची भुकटी हातावाटे तोंडात जाते आणि लहान मुलांना त्याचा सर्वाधिक धोका असतो.

असे काही दिसले तर ते हलवू नये. मुलांना दूर ठेवून पोलिसांना आणि तहसील कार्यालयाला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची जुनी वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. यात माहितीही वाचते. गोळा कोणत्या थरात, तटाच्या कोणत्या बाजूला, किती खोल सापडला, यावरून तोफ कुठे उभी होती याचा अंदाज बांधता येतो. तो उचलून घरी नेला की उरतो फक्त गंजलेल्या लोखंडाचा तुकडा.

फिरंगोजींच्या ५६ दिवसांबद्दल कागदांनी बरेच सांगितले आहे. उरलेले मातीत असेल, तर ते जाणकार हातांनीच बाहेर यायला हवे.