पेपरातला मॅकफर्सन आणि खरा मॅकफर्सन

मेकॅनिकलच्या मुलांना मॅकफर्सन स्ट्रट काही नवा नाही. ऑटोमोबाईलच्या पेपरात आकृती काढायची, बाण करून भागांची नावे लिहायची, दोन-चार फायदे-तोटे टाकायचे आणि मार्क घेऊन मोकळे व्हायचे. पण हा मॅकफर्सन माणूस की कंपनी, असे कुणी व्हायवाला विचारलेच, तर आपल्यातले बरेच जण छताकडे बघत बसतील! म्हणून ही त्याची गोष्ट.

अर्ल स्टील मॅकफर्सनचा जन्म ६ जुलै १८९१ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हायलंड पार्क गावचा. १९१५ मध्ये तो इलिनॉय विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि थेट डेट्रॉईटला, चामर्स नावाच्या मोटार कंपनीत गेला. पहिल्या महायुद्धात त्याने युरोपमध्ये अमेरिकन सैन्यासाठी विमानांच्या इंजिनांवर काम केले. परत आल्यावर आधी लिबर्टी आणि नंतर हपमोबिल या कंपन्यांत नोकरी केली. आज या कंपन्यांची नावेसुद्धा कुणाला आठवत नाहीत. १९३४ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये आला आणि पुढच्याच वर्षी शेवरले विभागाचा मुख्य डिझाईन इंजिनिअर झाला. तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. म्हणजे बघा, ज्या कामामुळे आज त्याचे नाव राहिले, त्याला अजून सुरुवातसुद्धा झाली नव्हती.

ती संधी आली १९४५ मध्ये. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युद्धानंतर लोकांना छोटी, हलकी, स्वस्त गाडी लागेल, या हिशेबाने शेवरलेने एक प्रकल्प काढला आणि तो मॅकफर्सनच्या हाती दिला. गाडीचे नाव ठेवले कॅडेट. किंमत एक हजार डॉलरच्या आत बसली पाहिजे, ही मुख्य अट. आणि मॅकफर्सनचा हट्ट असा की स्वस्त असली म्हणून गाडी खडखडाट करत चालता कामा नये; चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन हवे.

आता खरी अडचण इथेच होती. स्वतंत्र सस्पेन्शनच्या नेहमीच्या पद्धतीत चाक धरायला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत शॉकअप. भाग जास्त, सांधे जास्त, म्हणून खर्चही जास्त. मॅकफर्सनने शॉकअपकडे वेगळ्या नजरेने पाहिले. शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी आणि तिच्यात वर-खाली होणारा पिस्टन. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलून उष्णतेत घालवायची, एवढेच त्याचे काम. हीच नळी जाड आणि भक्कम केली, खाली चाकाच्या नकलला घट्ट बसवली, वरचे टोक बॉडीला टेकवले आणि स्प्रिंग तिच्याच भोवती घातली, तर वरचा आर्म लागतोच कशाला? स्टिअरिंग वळवले की चाकाबरोबर हा खांबही स्वतःभोवती फिरेल. एकाच भागात तीन कामे झाली: धक्का शोषणे, चाक धरणे आणि वळताना आस बनणे. शॉकअपसारख्या खांबावर चाक बसवण्याचे प्रयत्न युरोपात आधीही झाले होते. पण कमी खर्चात, हजारोंनी बनवता येईल अशी पक्की रचना उभी केली ती मॅकफर्सनने.

आणि मग १९४७ च्या मे महिन्यात कंपनीने कॅडेट प्रकल्पच गुंडाळला! युद्धाच्या काळात गाड्या बनल्या नव्हत्या, त्यामुळे ग्राहक मोठ्या, महाग गाड्यासुद्धा रांग लावून घेत होते. हजार डॉलरच्या गाडीत नफा तो किती असणार? पंचावन्न वर्षांच्या इंजिनिअरची दोन वर्षांची मेहनत कपाटात गेली. एक केटी लागली तर आठवडाभर मेसला न जाणारे आपण, त्याचे त्या दिवशी काय झाले असेल याची कल्पना करू शकतो.

पण मॅकफर्सन रडत बसला नाही. त्याच वर्षी त्याने जनरल मोटर्स सोडली आणि समोरच्या स्पर्धकाकडे, फोर्डमध्ये गेला. तिथे ही रचना आणखी सुधारून १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. फ्रान्समधली फोर्ड व्हेडेट ही असे सस्पेन्शन असलेली पहिली बाजारू गाडी समजली जाते. त्यानंतर १९५० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात फोर्डच्या इंग्लंडमधल्या कंपनीने कॉन्सल आणि झेफर या गाड्या याच रचनेवर आणल्या. १९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डचा मुख्य इंजिनिअर झाला, १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि जानेवारी १९६० मध्ये वारला. अमेरिकेतल्या गाड्यांत त्याचा स्ट्रट सर्रास दिसायला लागला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी. ते त्याला बघायला मिळाले नाही. आपल्याकडे १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्या पुढच्या चाकांवरही हाच स्ट्रट होता. इंजिन आडवे बसवायला मध्ये जागा मोकळी राहते, म्हणून छोट्या गाड्यांना तो फारच सोयीचा पडला.

आता थोडे कामाचे. एका भागाला तीन कामे दिली की तो झिजल्यावर तिन्ही कामे बिघडतात. शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज थोडा थोडा जातो आणि आपल्याला त्याची सवय होऊन जाते. म्हणून तो तपासावा लागतो. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिर झाला तर ठीक, झुलत राहिला तर शंका घ्या. नळीवर तेलाचा ओघळ आहे का, रॉड वाकलाय का, बुश फाटलेत का आणि टायरवर जागोजागी खळगे पडलेत का, तेही बघा.

ट्रेकला जाताना आपण करतो त्या पाट्यांच्या जीपला मात्र ही दाबून बघायची परीक्षा फसवते. पाटे एकमेकांवर घासून झुलणे दाबून टाकतात आणि मेलेला शॉकअपसुद्धा पास होतो! तिथे शॉकअपचे एक टोक सोडवून हाताने ओढून-दाबून बघावे. दोन्हीकडे सलग विरोध लागला पाहिजे; मध्येच हात मोकळा गेला तर तो बाद. खडकाळ वाटेवर तेल तापून पातळ होते आणि चिखलातली रेती सील खाते, म्हणून अशा गाडीचे शॉकअप लवकर जातात. बदलताना एका ॲक्सलवरचे दोन्ही बदला. रबरी बुशचे नट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर नवे बुशही पीळ बसून फाटतात.

स्ट्रट बदलताना तर जास्तच सांभाळा. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. कंप्रेसर लावून ती धरल्याशिवाय वरचा मधला नट सोडला, तर ती उसळून जीवावर बेतू शकते. हे काम हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये पान्हा घेऊन करायचे नाही. जोडल्यावर व्हील अलाइनमेंटही करून घ्यायची.

आणि खडकांतून चालणाऱ्या गाड्यांना बहुधा स्ट्रट का नसतो? चाकाला आडवा दणका बसला की तो थेट त्या रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. मॅकफर्सनने तो बनवला होता हजार डॉलरच्या, रस्त्यावरच्या गाडीसाठी. त्या कामात तो आजही जगभर टिकून आहे.

कॅडेट ही गाडी रस्त्यावर कधी आलीच नाही. पण तिच्यासाठी शोधलेला तो खांब आज आपल्या कॉलेजच्या गेटसमोरून दिवसभर जातो-येतो. पुढच्या वेळी पेपरात त्याची आकृती काढाल, तेव्हा कपाटात गेलेला तो प्रकल्पही आठवा. तुमचा प्रोजेक्ट रिव्ह्यूला नापास झाला असेल, तर ड्रॉइंग फाडू नका, जपून ठेवा!