पंडिता रमाबाई आणि शारदा सदनाचे सल्लागार

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षक येतात, फळा येतो, घंटा येते. परंतु या सर्वांच्या मागे माणसांचा आणखी एक वर्ग उभा असतो आणि त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. शाळा समितीचे, नियामक मंडळाचे किंवा विश्वस्त मंडळाचे हे सभासद. पगार नाही, मानधन नाही. आपला व्यवसाय सांभाळून, संध्याकाळचा वेळ काढून ही माणसे सभेला येतात, हिशेब पाहतात, चार शब्द सांगतात आणि शाळेवर बालंट आले की समाजापुढे उत्तर द्यायलाही तीच उभी राहतात. आपले नाव ते शाळेला उसने देतात म्हणा ना! मग एखाद्या दिवशी शाळेची वाट आणि त्यांची वाट वेगळी झाली तर काय करावे? राहावे की जावे? सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न पुण्यात उभा राहिला होता. त्या प्रसंगाच्या केंद्रस्थानी असलेल्या विदुषीचे चरित्र म्हणूनच विद्यार्थी मित्रांना सांगावेसे वाटते.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हा मुलूख कन्नड, घरातील भाषा मराठी आणि विद्या संस्कृत. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांनी त्यांच्यावर हक्क सांगावा अशीच ही गोष्ट आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कार्कळजवळच्या माळ गावचे चित्पावन ब्राह्मण. पेशव्यांच्या घरातील स्त्री संस्कृत शिकते हे त्यांनी तरुणपणी पुण्यात पाहिले होते, आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असा निश्चय त्यांनी तेव्हाच केला. घरच्यांना तो मानवला नाही, धर्मपंडितांनाही मानवला नाही. उडुपीस त्यांना त्याबद्दल जाब द्यावा लागला. शेवटी ते रानात जाऊन राहिले आणि तेथे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकविले. त्या माउलीने पहाटेच्या वेळी आपल्या धाकट्या मुलीला तीच विद्या तोंडी दिली.

पुढे कर्जापायी घर सुटले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उपाशीतापाशी पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. या तरुणीचे संस्कृत ऐकून तेथील विद्वान थक्क झाले व त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. अशा रीतीने चोविसाव्या वर्षाच्या आत ही विदुषी विधवा झाली. कडेवर एक मूल होते आणि पाठीशी कोणी नव्हते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारक मंडळींनी त्यांचे मनापासून स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे, काशीबाई कानिटकर यांच्यासारख्या स्त्रिया त्यात येऊ लागल्या. हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली आणि स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर होण्याची सोय व्हावी अशी मागणी केली. हा स्नेह ध्यानात ठेवायला हवा, कारण अकरा वर्षांनी जी ताटातूट झाली ती परक्यांमधली नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. परंतु तेथील धर्मगुरूंनाही ही बाई सोपी गेली नाही. जे पटेल तेच मानायचे हा तिचा बाणा होता, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशीही तिने अनेक मुद्द्यांवर वाद घातला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिक्षण व अध्यापन करून १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. तेथेच त्यांनी बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे फ्रोबेलच्या किंडरगार्टनचा अभ्यास केला. लहान मुलांना खेळातून, वस्तूंतून शिकवायचे ही कल्पना त्यांना इतकी आवडली की आपल्याकडे ती आणायचीच असे त्यांनी ठरविले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखाविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्यातून पैसा उभा राहिला आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे संस्था चालविण्याचा खर्च देण्याचे तिने मान्य केले.

आता मूळ विषयाकडे येऊ. त्या काळी ख्रिस्ती शाळा पुष्कळ होत्या. इंदूरचेच उदाहरण घ्या. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने तेथे १८७७ मध्ये काम आरंभिले, होळकर दरबाराशी त्यांचे खटकेही उडाले, आणि १८८७ मध्ये तेथे इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. अशा ठिकाणी कारभार मिशनचा आणि हेतूही उघड, त्यामुळे मुलाला तेथे घालणाऱ्या पालकाला आपण कोठे आलो आहोत हे ठाऊक असे. रमाबाईंची शाळा मात्र या साच्यात बसत नव्हती. चालक ख्रिस्ती, पैसा अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांचा, मुली मात्र हिंदू घरांतल्या, त्यातही बहुतेक ब्राह्मण बालविधवा. या मुलींना घराबाहेर पाठवायला बाप-भाऊ तयार होणार कसे? यासाठी रमाबाईंनी दोन गोष्टी केल्या. शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही आणि प्रत्येक मुलीला आपला आचार पाळता येईल असे जाहीर केले. दुसरी गोष्ट म्हणजे नामांकित हिंदू गृहस्थांची सल्लागार मंडळे नेमली. पुण्याच्या मंडळात रानडे आणि भांडारकर होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. मुली लिहायला-वाचायला शिकल्या, शिवण शिकल्या, शिक्षिका होण्याची तयारी करू लागल्या. केस राखलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या विधवा लोकांनी प्रथमच पाहिल्या. सल्लागारांच्या नावावर विसंबून पालकांनी मुली पाठविल्या होत्या आणि तो विश्वास प्रारंभी सार्थ ठरत होता.

ठिणगी कोठे पडली? मुलींना रमाबाईंकडे प्रेमाने येण्याजाण्याची पूर्ण मोकळीक होती. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. सदनातील काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे आहे असा मजकूर एका अमेरिकन पत्रात आला आणि ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. धर्मनिरपेक्ष म्हणून उघडलेल्या घरात आडवाटेने धर्मांतराची तयारी चालली आहे, असा त्या टीकेचा रोख होता.

सल्लागारांची अवस्था मोठी कठीण झाली. ते स्वतः सनातनी नव्हते. रमाबाईंच्या धर्मांतराचा त्यांना राग नव्हता, विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपले आयुष्य झिजविले होते. परंतु मुली अल्पवयीन होत्या आणि त्यांच्या पालकांनी शब्द घेतला होता तो या गृहस्थांचा. मुलीने कोणत्या प्रार्थनेला बसावे हे पालकाच्या इच्छेवाचून ठरू नये असे त्यांना वाटे. रमाबाईंचे म्हणणे वेगळे होते. आपण कोणाला बोलावीत नाही, कोणाला ढकलीतही नाही. तुळशीला पाणी घालणाऱ्या मुलीला आपण अडवीत नाही, तर प्रार्थनेला येणाऱ्या मुलीला तरी का अडवावे? आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून चोरासारखी का करावी? दोन्ही बाजूंना तटस्थताच हवी होती. एका बाजूच्या मते तटस्थता म्हणजे मुलींना धर्मप्रभावापासून दूर ठेवणे. दुसरीच्या मते तटस्थता म्हणजे कोणालाच न अडविणे. शब्द एकच, अर्थ दोन, आणि आरंभी हा शब्द कागदावर आला तेव्हा त्याचा नेमका अर्थ कोणी ठरवून घेतला नव्हता.

शिवाय आणखी एक दुखणे होते. मंडळाचे नाव सल्लागार आणि अधिकारही सल्ल्यापुरताच. शेवटचा शब्द बोस्टनचा. पुण्याच्या रस्त्यावर जाब विचारला जाई तो रानडे-भांडारकरांना. निर्णय मात्र सात समुद्रांपलीकडे होत असे. जबाबदारी आहे पण अधिकार नाही, अशा खुर्चीवर स्वाभिमानी माणूस फार दिवस बसू शकत नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध तोडला व तसे जाहीर केले. वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. मुली निघाल्या तेव्हा त्या वाड्यात काय वाटले असेल याची कल्पनाच करावी. यांतील पुष्कळजणींच्या नशिबी पुन्हा तेच अंधारे स्वयंपाकघर आले असणार. मोठ्यांच्या तत्त्वाच्या भांडणाची किंमत बहुधा लहानांनाच मोजावी लागते.

असोसिएशनने रमाबाईंची पाठराखण केली आणि शारदा सदन बंद पडले नाही. पण यापुढे हिंदू समाजाचा विश्वास परत मिळाला नाही आणि रमाबाईंनीही तो मिळविण्याचा फारसा यत्न केला नाही. त्यांनी केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, कलालांच्या आणि कुंटणखान्यांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुली पाहून त्यांना आपले लहानपण आठवले. शेकडो मुली त्यांनी केडगावी आणल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उघडले गेले, आणि ते उघडपणे ख्रिस्ती होते. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. बालवर्ग, शाळा, शेती, विणकाम, छापखाना, अंधांना शिक्षण अशी सगळी कामे स्त्रियाच करीत. पुढे मनोरमाबाईंच्या साह्याने गुलबर्ग्यासही त्यांनी शाळा काढली. जन्मभूमीच्या भाषेचे ऋण असेही थोडे फिटले. अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आणि राजीनामा देणारे? येथेच या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी हिंदू विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा त्या मंडळीचे अध्यक्षपद डॉ. भांडारकरांनी स्वीकारले. म्हणजे एका दारातून बाहेर पडलेला माणूस घरी स्वस्थ बसला नाही. ज्या मुलींसाठी तो आला होता, त्यांच्यासाठी त्याने दुसरे दार उघडण्यास हातभार लावला. आणि कर्व्यांच्या पाठीशी गोदूबाई होत्याच, शारदा सदनात अक्षर गिरवलेल्या. पहिल्या घराचे पाणी दुसऱ्या घराच्या मुळाशी पोहोचले ते असे.

यात चूक कोणाची हे ठरविण्याचा मोह होतो. रमाबाईंनी दार लावून घेतले असते तर त्या रमाबाई राहिल्या नसत्या. बापाने मुली शिकवू नयेत म्हणणाऱ्यांपुढे जो मान झुकवीत नाही त्याच्याच त्या कन्या. सल्लागारांनी नावापुरते राहून डोळे मिटले असते तर त्यांच्या शब्दाला काही किंमत उरली नसती. माझ्या मते चूक आरंभीच्या कागदात होती. सल्लागाराने काय पाहायचे, कोठवर बोलायचे, कोणाच्या वतीने बोलायचे आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे स्नेहाच्या भरात कोणी स्पष्ट केले नाही. आपसात प्रेम असले की करार लागत नाही असे आपल्याला वाटते. अनुभव असा की प्रेम टिकावे म्हणूनच करार लागतो.

आज आपल्यापैकी अनेकजण विद्यार्थी आहेत. उद्या कोणी गावच्या शाळेच्या समितीवर जाईल, कोणी एखाद्या संस्थेचा विश्वस्त होईल. ती शाळा कोणत्याही धर्माची, कोणत्याही भाषेची असो. त्या दिवशी हार गळ्यात पडण्यापूर्वी एवढे विचारावे की माझ्या नावावर विसंबून कोणाची मुले येथे येणार आहेत, आणि त्यांच्यासाठी मी नेमके काय करू शकतो? याचे उत्तर मिळाले तर खुर्चीवर जरूर बसावे. उत्तर बदलले तर उघडपणे उठावे. मात्र उठल्यावर त्या मुलांना विसरू नये. शारदा सदनाचा इतिहास मला तरी हेच सांगतो.