विनोबा बोलले, साने गुरुजींनी लिहून घेतलं
1932 साल, धुळ्याचा तुरुंग. विनोबा भावे दर रविवारी कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगत. 21 फेब्रुवारी ते 19 जून, असे 18 रविवार.

समोर साने गुरुजी लिहून घेत होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडून ते 1930 मध्ये स्वातंत्र्यलढ्यात उतरले होते.

लघुलेखन शिकणाऱ्याला पहिली सवय लावावी लागते ती हीच: कान बोलणाऱ्याकडे, हात कागदावर, मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही. गुरुजी स्वतः लेखक. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. धुळ्यात मात्र त्यांनी दुसऱ्याचे शब्द जपले. म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज अनेक भाषांत वाचता येतं.