जॉन लोगी बेअर्ड

जॉन लोगी बेअर्ड (१३ ऑगस्ट १८८८ – १४ जून १९४६) हे स्कॉटिश अभियंते व संशोधक होते. हलत्या वस्तूचे, छायाप्रकाशाच्या छटांसह दिसणारे दूरचित्र इतरांसमोर दाखविणारे पहिले संशोधक म्हणून त्यांची ओळख आहे. हे प्रात्यक्षिक २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये झाले. ज्या यांत्रिक पद्धतीने त्यांनी हे साधले ती पद्धत मात्र पुढच्या ११ वर्षांतच मागे पडली. नंतर घरोघरी पोहोचलेल्या दूरचित्रवाणी संचात त्यांच्या फिरत्या चकतीला स्थान नव्हते. त्यामुळे त्यांना दूरचित्रवाणीचे जनक म्हणावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत.

जन्म व शिक्षण

बेअर्ड यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या खाडीकाठी वसलेल्या हेलेन्सबर्ग या गावी झाला. वडील, रेव्हरंड जॉन बेअर्ड, चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक होते. आई जेसी इंग्लिस यांचे नातेसंबंध ग्लासगोतील जहाजबांधणी करणाऱ्या सधन घराण्याशी होते. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटे. लहानपणीच्या आजारामुळे त्यांची प्रकृती कायमची नाजूक झाली; सर्दी, खोकला आणि गारठलेले पाय यांनी त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. घरात रविवारची उपासना, प्रवचने आणि प्रेस्बिटेरियन पंथाची शिस्त होती. तरुणपणी बेअर्ड अज्ञेयवादी झाले. मात्र त्यामुळे वडिलांशी असलेले त्यांचे संबंध बिघडले नाहीत. पुढे त्यांनी लिहिलेल्या आत्मचरित्रपर टिपणांच्या शीर्षकातही प्रवचनांचा उल्लेख पहिला येतो.

शाळकरी वयातच त्यांनी स्वतःच्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून खासगी दूरध्वनी उभारला होता. घरात विजेचे दिवे लावण्याचा उद्योगही त्यांनी स्वतःच केला. पुढे ग्लासगो अँड वेस्ट ऑफ स्कॉटलंड टेक्निकल कॉलेजात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. जॉन रीथ हे तेथे त्यांचे समकालीन विद्यार्थी होते. रीथ हेही धर्मोपदेशकाचेच पुत्र, पण अंगापिंडाने भक्कम आणि स्वभावाने करारी. हेच रीथ पुढे ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन अर्थात बीबीसीचे प्रमुख झाले आणि बेअर्ड यांना त्यांच्याच दारात उभे राहावे लागले. ग्लासगो विद्यापीठातील बेअर्ड यांचे पदवीचे शिक्षण पहिल्या महायुद्धामुळे खंडित झाले व ते पुन्हा पूर्ण झाले नाही. सैन्यभरतीत प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना अपात्र ठरविण्यात आले. त्यानंतर त्यांनी क्लाइड व्हॅली इलेक्ट्रिकल पॉवर कंपनीत अभियंता म्हणून नोकरी केली.

व्यवसायातील धडपड

नोकरीत मन रमत नसल्याने बेअर्ड यांनी एकामागून एक व्यवसाय केले. स्वतःच्या गार पायांवर उपाय म्हणून त्यांनी बुटातील मोज्याच्या आत घालण्याचा आणखी एक मोजा विकावयास काढला आणि तो बऱ्यापैकी खपला. १९१९ मध्ये ते वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावर गेले. तेथे फळे व साखर मुबलक असल्याने मुरंबे करून विकण्याचा त्यांचा बेत होता. परंतु उकळत्या पाकावर किड्यांची झुंबड उडू लागली आणि त्यातच प्रकृतीही ढासळल्याने वर्षभरातच ते परतले. लंडनमध्ये त्यांनी साबणाचा व्यवसाय केला. तोही चालू लागला असताना पुन्हा आजारपण आले. १९२३ च्या सुरुवातीस हवापालटासाठी ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी राहावयास गेले. त्या वेळी त्यांचे वय ३४ वर्षांचे होते; हाती पैसा नव्हता आणि नोकरीही नव्हती.

चकतीचे तत्त्व

दूरवरचे दृश्य तारेतून पाठविण्याची कल्पना बेअर्ड यांची नव्हती. १८८४ मध्ये पाउल निपको या जर्मन विद्यार्थ्याने तिचा आराखडा एकस्वासाठी सादर केला होता. एका वाटोळ्या चकतीवर परिघाकडून मध्याकडे सरकत जाणाऱ्या सर्पिल रेषेत छिद्रे पाडावयाची. चकती फिरू लागली की प्रत्येक छिद्र दृश्याची एकेक पट्टी ओलांडून जाते आणि एका फेऱ्यात संपूर्ण दृश्य पट्ट्यापट्ट्यांनी वाचले जाते. छिद्रातून येणारा कमीअधिक प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडतो व त्यानुसार विद्युत प्रवाह कमीअधिक होतो. दुसऱ्या टोकाला त्या प्रवाहावर एक दिवा कमीअधिक उजळतो. त्याच्यासमोर तशीच दुसरी चकती नेमक्या त्याच गतीने फिरत असेल, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मूळ दृश्य पुन्हा जुळून येते. निपको यांच्या काळात घटातून मिळणारा क्षीण प्रवाह वाढविण्याचे साधन नव्हते. निर्वात नलिकांवर चालणारे विवर्धक आल्यावर ते साधन मिळाले. तरीही चांगला घट, पुरेसा प्रकाश आणि दोन चकत्यांची अचूक एकगती या तीन अडचणी उरल्याच.

हेस्टिंग्जमध्ये बेअर्ड यांनी पहिले यंत्र उभारले ते टोपीचा जुना खोका, चहाची पेटी, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्यांची भिंगे, लाख आणि सरस अशा सामानातून. १९२४ मध्ये त्यांना आकृत्यांच्या हलत्या सावल्या काही फुटांवर पाठविता आल्या. त्याच वर्षी सुमारे १,००० व्होल्टचा धक्का बसून त्यांचा हात भाजला आणि घरमालकाने त्यांना जागा सोडावयास लावली. ते लंडनला आले व सोहो भागातील २२, फ्रिथ स्ट्रीट येथील माळ्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. मार्च १९२५ मध्ये सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाने ग्राहकांच्या मनोरंजनासाठी त्यांचे यंत्र तीन आठवडे मांडले. तेथेही केवळ सावल्याच दिसत. अशा सावल्या अमेरिकेत चार्ल्स फ्रान्सिस जेन्किन्स यांनीही त्याच वर्षी दाखविल्या होत्या. खरे आव्हान होते ते परावर्तित प्रकाशातून माणसाच्या चेहऱ्यावरील उजेड आणि छाया टिपण्याचे.

२ ऑक्टोबर १९२५ रोजी ते साधले. प्रयोगासाठी बेअर्ड शब्दभ्रमकाराच्या बाहुलीचे डोके वापरीत. तिचे नाव त्यांनी स्टूकी बिल ठेवले होते. प्रखर दिव्यांची उष्णता जिवंत माणसाला सोसण्यासारखी नव्हती आणि बाहुलीचा गडद रंगविलेला चेहरा यंत्राला अधिक स्पष्ट दिसे. त्या दिवशी पडद्यावर बाहुलीचा चेहरा नाकडोळ्यांसह उमटला. ३० उभ्या रेषांचे हे चित्र सेकंदाला पाच वेळा उमटत होते. बेअर्ड धावत खालच्या मजल्यावर गेले आणि तेथील कार्यालयातील विल्यम टेंटन या २० वर्षांच्या कामगार मुलाला वर घेऊन आले. दिव्यांच्या धगीमुळे तो मागे सरकत होता. थोडे पैसे हातावर ठेवल्यावर तो जागेवर थांबला. छटांसह दूरचित्रात दिसलेला तो पहिला माणूस मानला जातो.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे ४० सदस्य आणि टाइम्स वृत्तपत्राचा प्रतिनिधी यांच्यासमोर याच जागेत प्रात्यक्षिक झाले. खोल्या इतक्या अपुऱ्या होत्या की पाहुण्यांना लहान लहान गटांनी आत सोडावे लागले. चित्र पुसट व थरथरते होते, पण चेहऱ्यावरचे भाव ओळखता येत होते.

विक्रमांची वर्षे

१९२७ मध्ये बेअर्ड यांनी लंडनहून ग्लासगोपर्यंत दूरध्वनीच्या तारेवरून चित्र पाठविले. हे अंतर ४३८ मैल, म्हणजे सुमारे ७०५ किमी होते. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने वॉशिंग्टन ते न्यू यॉर्क असे प्रक्षेपण केले होते. मोठ्या कंपनीच्या सामर्थ्यापुढे आपण मागे नाही हे दाखविण्याची ईर्ष्या बेअर्ड यांच्या या काळातील बहुतेक प्रयोगांत दिसते. फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनमधील चेहरे अटलांटिक महासागरापलीकडे न्यू यॉर्कजवळील हार्ट्सडेल येथे पाहण्यात आले. त्यानंतर भर समुद्रात बेरेंगेरिया या जहाजावरही चित्र ग्रहण करण्यात आले. ३ जुलै १९२८ रोजी त्यांनी तीन रंगांच्या गाळण्या बसविलेली चकती वापरून रंगीत चित्र दाखविले. त्या प्रयोगात टोप्या बदलत यंत्रासमोर बसलेली मुलगी नोएल गॉर्डन पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय अभिनेत्री झाली. त्रिमितीय चित्र, अंधारात अवरक्त किरणांनी पाहणे आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर चित्रसंदेश मुद्रित करणे हे प्रयोगही याच सुमाराचे आहेत.

या धडाक्याला एक दुसरी बाजू होती. प्रत्येक नव्या प्रात्यक्षिकाने कंपनीच्या समभागांना मागणी येई. परंतु मूळ चित्र ३० रेषांचेच राहिले. याचा सगळा दोष बेअर्ड यांच्याकडे जात नाही. त्यांना मिळू शकणारी प्रक्षेपणाची वाट आवाजासाठी आखलेल्या मध्यम लहरींची होती आणि त्या अरुंद पट्ट्यात याहून अधिक तपशील मावत नव्हता.

बीबीसीशी संबंध

दूरचित्रवाणीबाबत बीबीसी प्रारंभापासून साशंक होती. टपाल खात्याच्या मध्यस्थीने ३० सप्टेंबर १९२९ रोजी बीबीसीच्या प्रक्षेपकावरून बेअर्ड यांचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले. एकच प्रक्षेपक मिळाल्याने आधी चित्र आणि मग आवाज अशी पाळी लावावी लागे. ३० मार्च १९३० पासून दोन्ही एकत्र जाऊ लागले. १४ जुलै १९३० रोजी इटालियन नाटककार लुईजी पिरांदेल्लो यांची एक एकांकिका प्रक्षेपित झाली. ब्रिटनमधील हे पहिले दूरचित्रवाणी नाटक होय. बेअर्ड यांचा टेलिव्हायझर नावाचा संच बाजारात आला. त्याचे चित्र चिंचोळे, नारिंगी छटेचे असे आणि भिंगातून एका वेळी एकदोघांनाच पाहता येई. अशा सुमारे १,००० संचांची निर्मिती झाली. १९३१ मध्ये एप्सम येथील डर्बी ही घोड्यांची शर्यत थेट मैदानावरून प्रक्षेपित करण्यात आली. त्याच वर्षी बेअर्ड यांचा न्यू यॉर्क येथे मार्गारेट अल्बू या दक्षिण आफ्रिकी पियानोवादक युवतीशी विवाह झाला. त्यांना डायना व माल्कम अशी दोन अपत्ये झाली.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीशी स्पर्धा

१९०८ मध्येच ॲलन आर्चिबाल्ड कॅम्पबेल स्विंटन या दुसऱ्या एका स्कॉटिश अभियंत्याने नेचर नियतकालिकात पत्र लिहून असे सुचविले होते की, फिरत्या भागांनी हे काम नीट होणार नाही. दोन्ही टोकांना ऋण किरण नलिका वापराव्या लागतील. बेअर्ड चकतीत सुधारणा करीत असताना या दिशेने वेगवेगळ्या देशांतील माणसे काम करीत होती. जपानमध्ये केन्जिरो ताकायानागी यांनी डिसेंबर १९२६ मध्ये नलिकेच्या पडद्यावर एक जपानी अक्षर उमटविले. अमेरिकेत मॉर्मन पंथीय शेतकरी कुटुंबात वाढलेल्या फायलो फार्न्सवर्थ यांनी १९२७ मध्ये संपूर्ण इलेक्ट्रॉनिक चित्र पाठविले. क्रांतीनंतर रशिया सोडून अमेरिकेत स्थायिक झालेले व्लादिमीर झ्वोरिकिन कॅमेऱ्याच्या नलिकेवर काम करीत होते. ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीच्या संशोधनाचे नेतृत्व आयझॅक शोनबर्ग यांच्याकडे होते. तेही रशियन साम्राज्यातील पिन्स्क (सध्या बेलारूसमध्ये) येथे जन्मलेले ज्यू स्थलांतरित होते.

१९३२ नंतर बेअर्ड यांच्या कंपनीची सूत्रे गोमाँ-ब्रिटिश या चित्रपट कंपनीकडे गेली. कंपनीवर बेअर्ड यांचे नाव राहिले, पण तांत्रिक निर्णय इतरांच्या हाती गेले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली. बेअर्ड कंपनीची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आळीपाळीने वापरावयाच्या असे ठरले होते. प्रारंभ कोणी करावयाचा यासाठी झालेल्या नाणेफेकीत कौल बेअर्ड कंपनीच्या बाजूने लागला. पण दैवाची साथ तेवढीच मिळाली. बेअर्ड पद्धतीत स्टुडिओतील दृश्य आधी चित्रपटाच्या फितीवर टिपून, ती फीत तेथल्या तेथे रसायनांत धुऊन, ओली असतानाच यंत्रातून वाचली जाई. यात सुमारे एक मिनिटाचा विलंब होई आणि कॅमेरा जागेवरून हलविता येत नसे. ईएमआयचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा मात्र सहज फिरविता येत होता. कंपनीने फार्न्सवर्थ यांचा कॅमेराही वापरून पाहिला, पण त्याला फार प्रखर प्रकाश लागे. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री क्रिस्टल पॅलेसला भीषण आग लागली; कंपनीच्या प्रयोगशाळा तेथेच होत्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड पद्धत बंद केल्याचे जाहीर झाले.

अखेरची वर्षे व मृत्यू

या पराभवानंतरचे बेअर्ड यांचे काम त्यांच्या प्रसिद्ध विक्रमांपेक्षा कमी ज्ञात असले, तरी तांत्रिकदृष्ट्या अधिक पुढचे आहे. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी त्यांनी लंडनच्या डोमिनियन नाट्यगृहात मोठ्या पडद्यावर रंगीत चित्र दाखविले. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्धामुळे बीबीसीने दूरचित्रवाणी बंद केली आणि कंपनीही बुडाली. बेअर्ड यांनी लंडनमधील सिडनहॅम येथे स्वखर्चाने दोन-तीन सहायकांसह काम चालू ठेवले. १६ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी टेलिक्रोम ही रंगीत चित्र दाखविणारी नलिका सादर केली. तिच्यात दोन इलेक्ट्रॉन झोत एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंवर वेगवेगळ्या रंगांचे चित्र उमटवीत. यांत्रिक पद्धतीला अखेरपर्यंत चिकटून राहिल्याची टीका बेअर्ड यांच्यावर होते. फिरणारा एकही भाग नसलेल्या या नलिकेकडे पाहता ती टीका टिकत नाही.

फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ७ जून रोजी बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा पुन्हा सुरू झाली. त्यानंतर एका आठवड्याने, १४ जून १९४६ रोजी, बेक्सहिल येथील घरी वयाच्या ५७ व्या वर्षी बेअर्ड यांचे निधन झाले. हेलेन्सबर्ग येथे आईवडिलांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

त्यांची आत्मचरित्रपर टिपणे सर्मन्स, सोप अँड टेलिव्हिजन या नावाने १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी क्षेत्राचे लोगी पुरस्कार त्यांच्या मधल्या नावावरून ओळखले जातात. रंगीत गाळण्यांचे फिरते चक्र घरगुती संचांतून बाद झाले, तरी अपोलो मोहिमांच्या रंगीत कॅमेऱ्यांत नासाने तेच तत्त्व वापरले. बेअर्ड यांनी १९२७-२८ मध्ये तबकड्यांवर मुद्रित केलेले चित्रसंदेश त्यांच्या हयातीत समाधानकारकरीत्या पाहता आले नव्हते. संगणकाच्या साहाय्याने त्यांतील काही चेहरे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा हलताना दिसले.